जाळी ठरेना

चहाचा कप हातात आला की काका आधी चमच्याच्या टोकानं वरची साय उचलायचे. उचललेली साय चमच्यावर तशीच धरून इकडे तिकडे बघायचे. बशीत ठेवावी तर बशी चिकट होणार. मांजराला घालावी तर मांजर जागेवर नाही. "काढली खरी, पण आता ठेवू कुठं?" असं म्हणून ती साय पुन्हा चहातच सोडायचे आणि ढवळून पिऊन टाकायचे. हे मी रोज बघितलं. मग काढतात तरी कशाला, असं रोज मनात यायचं. विचारायचा धीर मात्र कधी झाला नाही.

मी रोह्याला त्यांच्या घरी भाकऱ्या करायला जायचे. माझं माहेर पेणजवळच्या जोह्याचं, शाळा चौथीपर्यंतची. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते, म्हणून त्या घरात मी ऐकलंच जास्त. चुलीशेजारची खिडकी परसात उघडायची, त्यामुळे ऐकायला कुठे जावंही लागत नव्हतं.

काका एका कंपनीत ऑपरेटर होते. कंपनीतलं घाण पाणी जिथे साफ करतात, तिथे त्यांची ड्युटी. पाण्यावर तेलाचा थर जमतो, एक पट्टा फिरत राहून तो थर उचलतो, आणि त्या पट्ट्यावर नजर ठेवायला माणूस लागतो. फर्स्ट, सेकंड, नाईट, सगळ्या शिफ्टा त्यांनी त्या पट्ट्यासमोर काढल्या. मी सुरुवातीला एकदा त्यांना साहेब म्हटलं, तर हसले. "साहेब नाय गो बाय. साहेबाचं बोट कधी तेलाला लागलंय?"

काकी खाडीकडच्या, मिठागरवाल्यांच्या घरातल्या. लग्न होऊन आल्या त्या दिवसापासून त्यांची एकच तक्रार. "चारी बाजूला पाणी बघत मोठी झाले मी. हितं खिडकी उघडली तर काय, दुसऱ्याची भिंत." काका रिटायर झाले आणि त्यांनी गवंडी बोलावून परसात लहानसं तळं बांधून घेतलं. त्यात दोन कमळं लावली, डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडले. काठाला दोघं बसतील एवढी एक पायरी केली. काकी संध्याकाळी त्या पायरीवरून उठायचं नाव घेत नसत.

एवढं सगळं नीट झालं आणि तळ्याच्या डोक्यावर शेवगा आहे, हे कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

शेवग्याचं पान तुम्ही बघितलं असेल. नखाएवढं असतं. एक वाऱ्याची झुळूक आली की पाण्यावर पिवळा पदर पसरल्यासारखं होतं. दोन दिवस राहिलं की कुजतं, त्याचा वास सुटतो, मासे वर तोंड काढून बसतात. शेजारच्यांनी सांगितलं, झाड तोडा. काकी म्हणाल्या, "शेंगा मागायला येता तवा नाय दिसत झाड?" झाड राहिलं. मग पानं काढायला काहीतरी हवं, आणि काय घ्यावं हे काकांनी ठरवायचं, असं ठरलं.

तिथून पुढचं मला आजही नीट कळलेलं नाही.

आधी त्यांनी स्वयंपाकघरातला झारा बांबूला बांधला. काकी खिडकीतून ओरडल्या, "अवो, वडे तळताय का तळ्यात? द्या तो माझा झारा हिकडं." मग कोळणीकडून मासे धरायची गोल जाळी आणली. तिच्या भोकांतून पानं आरामात खाली जायची आणि कमळाची कळी तेवढी अडकायची. मग जुन्या मच्छरदाणीचं कापड तारेला शिवून घेतलं. त्यात पानं आली, शेवाळ आलं आणि मासेही आले. काका गुडघ्यावर बसून एकेक मासा चिमटीत धरून पाण्यात सोडत होते आणि तेवढ्यात वरून नवी पानं पडत होती.

एकदा मला विचारलं, "गो बाय, तू सांग. गोल बरी का चौकोनी?"

मी घाबरून म्हटलं, "गोल."

दुसऱ्या दिवशी मी दारात चप्पल काढते आहे तोच म्हणाले, "तू गोल म्हणालीस, पण कोपऱ्यातलं कसं निघंल?"

"मग चौकोनी घ्या काका."

"चौकोनी कमळाच्या देठाला आडवी जाते ना."

मी भाकरी थापायला पळाले. आपण काही चुकीचं बोललो का, हे दिवसभर डोक्यात फिरत राहिलं. पुढे कळलं की हार्डवेअरवाल्याला, दूधवाल्याला, पोस्टमनला, सगळ्यांना हाच प्रश्न विचारून झाला होता. घरात एक गोल आणि एक चौकोनी अशा दोन्ही जाळ्या आल्या होत्या, तरी जाळी ठरली नव्हती. काकी रोज सांगायच्या, "चौकोनी धरा नि मोकळे व्हा." काका रोज नाही म्हणायचे आणि का नाही ते समजावून सांगायचे. समजावता समजावता अंधार पडायचा.

त्यांचा मुलगा पनवेलला असतो. स्वभावानं चांगला, पण घाईचा. एका उन्हाळ्यात आला तेव्हा तळ्यावर पानांचा थर होता आणि शेजारच्या घरात मलेरियाचा ताप होता. तो म्हणाला, "बाबा, तळं साफ ठेवणं जमत नसेल तर बुजवूया. गाडी तरी उभी राहील. गणपतीपर्यंत बघतो, नाहीतर दिवाळीला माणसं आणतो."

काकी त्या दिवशी जेवल्या नाहीत. काका पायरीवर बसून दोन्ही जाळ्या आलटून पालटून बघत होते. मला वाटलं, आता तरी एक धरतील. काकींचं पाणी जाणार होतं, अजून कशाची वाट बघायची? पण ते म्हणाले, "घाईत घेतली नि मासे मेले तर?"

त्यांचा घरचा गणपती माझ्या भावाच्या मूर्तींच्या कारखान्यातला असायचा. शाडूचा, वीतभर. जोह्याहून पेणला आणि पेणहून एसटीनं रोह्याला मी तो मांडीवर घेऊन आणायचे. पूर्वी विसर्जन नदीवर व्हायचं. काकांचे गुडघे धरायला लागल्यापासून देव परसातल्या तळ्यातच जायचा. त्या वर्षीही दीड दिवसानं आरती झाली, काकांनी मूर्ती अलगद पाण्यात सोडली. दूर्वा, जास्वंदी, शेवंती सगळं वर तरंगत राहिलं. ते निर्माल्य काका हातानं वेचून टोपलीत ठेवायचे. मासळीच्या जाळीनं देवाची फुलं ओढायची नाहीत, एवढं एक त्यांचं पक्कं ठरलेलं होतं. त्या दिवशी पाऊस आला म्हणून वेचायचं काम सकाळवर गेलं.

सकाळी मी पोचले तर परसात घरघर चालू होती. गणपतीला आलेल्या मुलानं मुंबईहून एक मशीन मागवलं होतं. पाण्यावर तरंगणारं, वरचं सगळं आणि उथळ जागी तळचंही ओढून आतल्या डब्यात घेणारं. आई-बाबा उठायच्या आत तळं आरशासारखं करून दाखवायचं, म्हणून त्यानं ते पहाटेच लावलं होतं. आणि तळं खरंच तसं झालं होतं. एक पान दिसत नव्हतं, शेवग्याची सावलीसुद्धा पाण्यात स्वच्छ पडली होती.

काका आले, उभे राहिले. मग वाकून मशीन बंद केलं आणि डबा उघडला.

आत दूर्वा होत्या. चुरगळलेली जास्वंद होती. शाडूचा पांढरा गाळ होता, त्यात गणपतीचा उंदीर अर्धा विरघळलेला. आणि त्या सगळ्यात गुंडाळलेले गप्पी मासे.

काका तो डबा धरून तुळशीकडे गेले. तिथून मागे फिरून कचऱ्याच्या खड्ड्याकडे गेले. तिथूनही मागे आले. मासे मेलेले, म्हणून तुळशीत घालता येईना. देवाचं होतं, म्हणून खड्ड्यात टाकता येईना. मला वाटलं, पुढे होऊन डबा घ्यावा, पण मलाही कळेना तो घेऊन मी काय करणार. शेवटी काकींनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, शेवग्याच्या मुळाशी खड्डा केला आणि सगळं एकत्रच पुरलं. वरून हात जोडले.

मुलाचा चेहरा उतरला होता. "मी चांगल्यासाठीच केलं, आई."

"व्हय रे. तुला कोण काय बोललंय?"

थोड्या वेळानं तो हळूच म्हणाला, "पण मग बाबा, बुजवूयाच ना? तुम्हाला झेपत नाही."

"तळं ऱ्हाईल," काका म्हणाले.

"आणि साफ कशानं करणार?"

"ते अजून ठरत नाय."

काकींनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. मुलगा हसला आणि मशीन उचलून गाडीत ठेवायला गेला. दिवाळीला तो आला, पण माणसं आणली नाहीत. गोल की चौकोनी हे ज्या माणसाला ठरवता येत नव्हतं, त्यानं तळं राहणार हे एका दमात कसं ठरवलं, याचा मी पुष्कळ विचार केला.

संध्याकाळची बोलणी पुन्हा सुरू झाली. हार्डवेअरवाल्यानं जाळीचा नवा प्रकार सांगितला होता, काका त्याचे फायदे-तोटे सांगत होते. काकी मध्येच म्हणाल्या, "नका ठरवू. ठरली की मग काय बोलणार माझ्याशी? नाईटला असताना तोंड तरी बघितलंत का माझं?"

काकांनी पाण्यावरचं एक पान चिमटीत उचललं. मग म्हणाले, "पण ती नवीन जरा जड हाय गो."

मी तव्यावरची भाकरी उलटायची विसरले होते.

त्याच थंडीत काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले. मुलानं आईला पनवेलला चल म्हटलं, त्यांनी नकार दिला. तळ्याचा विषय त्यानं काढला नाही.

पुढच्या महिन्यात एका संध्याकाळी मी पीठ मळत होते. काकींनी परसातून हाक मारली. जाऊन बघितलं तर तळ्यात पाणी दिसतच नव्हतं, नुसती पिवळी पानं. काकी काठाशी उभ्या होत्या. एका हातात गोल जाळी, दुसऱ्या हातात चौकोनी.

"कुठली घेऊ गो?"

"चौकोनी," मी म्हटलं. "तुम्हीच तर रोज सांगायच्या."

"सांगायचे खरी." त्यांनी चौकोनी पाण्यावर नेली, कमळाच्या देठाजवळ थांबल्या, परत घेतली. "पण तवा नाय म्हणायला ते व्हते ना."

पायरीवर त्या काकांची जागा मोकळी सोडून आपल्या बाजूला बसल्या, दोन्ही जाळ्या मांडीवर घेऊन. पिठाचे हात तसेच धरून मी उभी राहिले, आणि वरून बारीक बारीक पानं पडत होती.