खालच्या तुकड्यातलं मीठ

नांदेड स्टेशनावर गाडी हलायच्या आधी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिडकीतून विचारलं, "तिथं नेमकं काय शिकणार हायस?" म्हटलं, "पाण्यात विरघळलेलं मीठ विजेचा भार असलेल्या पत्र्याजवळ कसं गोळा होतं, ते." दादा हसले. "मिठानंच आपलं रान खाल्लं की! त्याला जर्मनीला कशाला जातीस? खालच्या तुकड्यात येऊन बस." गाडी सुटली तेव्हा मात्र हसणं गेलं होतं. "शिक, पण माघारी ये," एवढंच ओरडले.

खालचा तुकडा म्हणजे अर्धापूरच्या आमच्या रानातली उताराची जमीन. आमच्याकडं केळीचं पान पिवळं पडलं की औषध एकच, अजून पाणी! कालव्याला पाणी आलं की सोड सोड सोडायचं. शेजारीपाजारीही तेच करायचे, म्हणून कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. पाणी साचलं, खालचं मीठ वर आलं आणि जमीन चोपण झाली. पावसात नुसता राबडा, उन्हात दगड. लातूरचा माझा भाऊ म्हणायचा, "इकून टाका, प्लॉट पडतील." दादा त्यावर फावडं उचलून रानाकडं निघायचे.

इथं प्रयोगशाळेत मी तेच मीठ बघते, फक्त स्वच्छ काचेत. मीठ विरघळलं की त्याचे भार असलेले कण होतात, त्यांना आयन म्हणतात. पृष्ठभागावर ऋण भार असला की धन आयन त्याच्याभोवती जमतात; काही अगदी चिकटून, बाकीचे जरा लांब, सैल गर्दी करून. मातीच्या कणावरही असाच ऋण भार असतो. सोडियमची गर्दी लांबवर पसरते, कण एकमेकांपासून सुटतात आणि पाणी मुरायची वाट बुजते. कॅल्शियम जवळ बसतं, कणांना जुळू देतं. एकदा हेच गणित मांडताना एकदम खालच्या तुकड्यातला चिखल आठवला, आणि घरची लई आठवण आली. इकडं आलेल्यांनो, तुम्हालाही असं भर कामात गाव गाठतं का हो?

व्हिडिओ कॉलवर दादांना सांगितलं, आधी चर खोदा, मग जिप्सम टाका, त्यातलं कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेईल, मग पाणी द्या, म्हणजे सुटलेलं सोडियम वाहून जाईल. "तुझ्यावर इतबार हाय," म्हणाले, आणि केलंही. काही पावसाळे गेले. परवा त्यांनी रानातूनच फोन लावला. "पाणी मुरून राहिलं गं!" आवाज नुसता फुलला होता. मला मात्र त्यांना सांगायचं होतं की इथं मला कायमची नोकरी मिळाली आणि मी ती घेतली. मी पावसापाण्याचंच विचारत राहिले.

"ते निघालेलं मीठ जातं कुठं?" त्यांनी विचारलं.

"चरातून ओढ्याला, आसना नदीला, मग गोदावरीतून समुद्राला."

"माघारी न्हाई येत?"

"न्हाई, दादा," म्हटलं, आणि त्याच दमात नोकरीचंही सांगून टाकलं.

फोनवर बांधावरून चालल्याची पावलं ऐकू आली. मग म्हणाले, "मंग तुकडा इकायचा न्हाई. तू येशील तवा उभं ऱ्हायला तुझं कायतरी पायजे."

फोन ठेवून मी हमसून हमसून रडले. मी जिथं राहत नाही, तिथं माझ्यासाठी कुणी जमीन राखून बसलंय. माझं घर आता तेवढंच आहे, आणि तेवढ्याच्या जिवावर मी इथं राहते.