टॉवरखाली मुका फोन

चाकणशेजारच्या कुरुळी गावात ज्यांच्या चाळीत मी राहतो त्यांना आम्ही सगळे भाडेकरू मावशी म्हणतो. माझं काम टिकलं ते मावशींमुळं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचंय त्यात कुणाबद्दल चांगलं बोलायला फारशी जागा नाही. माझ्याबद्दलही नाही.

मी बीडकडचा. आठवीनंतर शाळा सुटली. आता चाकणजवळच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग तपासून खोक्यात भरतो. मी कंपनीचा माणूस नाही, ठेकेदाराचा. आमच्याकडं सात महिने भरले की ब्रेक देतात. गेटपास काढून घेतात, थोडे दिवस घरी बसवतात आणि मग ठेकेदाराच्या ऑफिसातून फोन येतो, की या, नव्यानं भरती झालात. फोन उचलला तर गेटपास, नाही उचलला तर यादीतलं पुढचं नाव. ऑफिसात जाऊन विचारलेलं त्यांना चालत नाही. गर्दी करू नका, फोन येईल, असं काचेआडून मान वर न करता सांगतात.

आणि नेमका ब्रेक लागायच्या आठवड्यात मी फोन बदलला.

आमच्याच लाइनवर माझ्या तालुक्यातला एक जण होता. त्याच्याकडं जपानचा फोन आला होता. मशीन बसवायला आलेल्या साहेबांपैकी कुणीतरी जाताना विकला, असं तो सांगायचा. पातळ, काळा, फोटो काढला की मोठ्यानं खटकन वाजणारा. तो आवाज बंदच व्हायचा नाही. कॅन्टीनमध्ये सगळ्यांनी तो हातात घेऊन बघितला. तू गाववाला आहेस म्हणून देतो, असं म्हणून त्यानं माझा जुना फोन आणि वर काही पैसे घेतले. जुन्या फोनची काच तडकली होती, पण तो वाजायचा. नव्या फोनवरून मी चाकणच्या चौकात उभं राहून बहिणीला व्हिडिओ कॉल केला. फॉरेनचा माल आहे, असं तिला दोनदा सांगितलं. ते दोनदा सांगणं आठवलं की आजही मला माझीच शिसारी येते.

खोलीवर आलो तर रेंज नाही. मावशींच्या जागेतच, आमच्या खोल्यांपासून वीस पावलांवर मोबाइलचा टॉवर उभा आहे. शेजारच्या खोल्यांतली पोरं त्याच्या जिवावर दिवसभर पिक्चर बघतात आणि माझा फोन त्याच्याखाली मेल्यासारखा. आधी वाटलं सिम खराब, मग वाटलं सेटिंग चुकलं. दोन दिवस बंद-चालू करत बसलो. तिसऱ्या दिवशी भाजीला चाकणला गेलो, तर तिथं पोचल्या पोचल्या मेसेज पडला. ऑफिसचे दोन मिस्ड कॉल.

तिथूनच फोन लावला. पलीकडचा क्लार्क म्हणाला, "दोनदा लावला, बंद दाखवतोय. सोम-मंगळवारी शेवटची बॅच आहे. एकदा फोन करीन. नाही लागला तर नाव कट."

दुसरा नंबर देतो म्हणालो, तर यादी वर गेली, आता बदल नाही, म्हणून त्यानं फोन ठेवला. नाव कट म्हणजे पुन्हा रोजंदारीसाठी नाक्यावर उभं राहायचं, नाहीतर बॅग उचलून गावी जायचं. घरी तर मी ब्रेक लागल्याचंही सांगितलं नव्हतं.

तसाच महाळुंग्याला त्या गाववाल्याच्या खोलीवर गेलो. तो जेवत होता. फोन घे आणि माझा जुना दे म्हणालो. जुना तर त्यानं केव्हाच विकला होता. त्याच्या खोलीतही ह्या फोनला रेंज येत नव्हती, हे त्याचाच रूममेट बोलून गेला. तो मात्र बोटं चाटत हसला. "चाकणला येते ना रेंज? मग चाकणला राहायला जा ना भावा."

त्याचं ते तेलकट हसू बघून मला मळमळलं. माणूस माझ्याच भागातला, बोली माझीच, म्हणून मी फोन नीट तपासलाही नव्हता.

माझ्या खोलीतले दोघे दुसऱ्या कंपनीत शिफ्टला जायचे, तिथं फोन गेटवर जमा व्हायचे; आणि शेजारच्या पोरांपुढं फॉरेनचा फोन मिरवल्यावर सिम टाकायला त्यांचा फोन मागायची लाज वाटत होती. रविवारी चाकणला एका दुकानाच्या पायरीवर बसून बघितलं, तर दुकानदारानं तासाभरात उठवलं; दिवसभर बसू देतील अशी जागा तिथं सापडली नाही. संध्याकाळी चाळीतच फिरता फिरता एक जागा सापडली. संडासांच्या रांगेमागं, गटाराच्या कडेला कोपऱ्यात हात उंच केला की रेंजची एक काडी यायची. सोमवारी सकाळपासून तिथं उभा राहिलो. नाकाला रुमाल, पायांवर माश्या, चपलेखाली काय आहे ते बघायचं नाही. काडी यायची, जायची. दुपारपर्यंत त्या वासाची सवय झाली, आणि सवय झाली याचीच जास्त किळस वाटली.

ती बाजू बायकांच्या संडासांची होती, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बायकांनी मावशींकडं तक्रार केली, की पोरगा फोन वर धरून मागं उभा असतो. मावशी विळा हातात घेऊनच आल्या.

"काय रं, हितं काय करतुयास?"

फोन त्यांच्या हातात दिला आणि रडायलाच लागलो. मग कसंबसं सगळं सांगितलं. त्यांनी फोन उलटापालटा केला. टॉवरच्या देखभालीला आलेला माणूस तेव्हा जाळीचं दार लावून निघालाच होता. मावशींनी त्याला हाक मारून थांबवलं, आधी पोराचं बघ, मग जा.

त्यानं फोनमागचा मॉडेल नंबर आपल्या मोबाइलवर टाकून बघितला. मग सांगितलं, की प्रत्येक देश मोबाइलला वेगवेगळे बँड देतो, म्हणजे लहरींचे ठरलेले पट्टे. हा फोन जपानच्या टॉवरसाठी केलेला. आपल्याकडचा एखादा बँड त्याला जुळतो, तो चाकणच्या टॉवरवर आहे, म्हणून तिथं चालतो; संडासांमागची काडीही तिथलीच. इथल्या टॉवरवर माझ्या सिमचे दोन बँड आहेत, आणि ते दोन्ही ह्या फोनात नाहीत. सॉफ्टवेअर टाकून होईल का, मी विचारलं. "आत तो पार्टच नाही, तर सॉफ्टवेअर काय करणार?" तो म्हणाला आणि गेला.

मावशींना बँड किती कळले माहीत नाही. त्यांनी हात पुढं केला. "सिम काढ. माज्या फोनात दुसरं घर मोकळं हाय."

तेव्हापासून माझं सिम घातलेला आपला फोन त्यांनी कमरेच्या पिशवीत ठेवला. बायकांनाही त्यांनीच समजावलं. मंगळवारी मी नळावर कपडे धूत होतो आणि त्या गोठ्यात होत्या. आवाज मला लांबूनच ऐकू आला.

"हाय, हाय, हितंच हाय. बंद कशाला आसंल? मी त्याची मावशी बोलती. त्यो येस्तवर ठिवू नगं, ठिवलास तर तुज्या हापिसात यीन मी."

मी साबणाच्या हातानंच धावलो. गुरुवारी सकाळी सहाला गेटवर, आधार घेऊन ये, एवढंच क्लार्क बोलला.

कामावर गेल्यावर कॅन्टीनमध्ये एकानं तो काळा फोन बघितला आणि विकतोस का विचारलं. एक घास गिळेपर्यंत माझ्या मनात हो आलं. तसाच चौकात नेऊन दाखवायचा, रेंज दिसलीच असती. मग त्या गाववाल्याची चाटलेली बोटं दिसली आणि पुढचा घास गेला नाही. चालत नाही, एवढंच सांगून मी ताट ठेवलं.

पगारानंतर मी एक साधा बटणाचा फोन घेतला आणि सिम परत घ्यायला मावशींकडं गेलो. सिम काढता काढता त्यांनी विचारलं, "तुमच्या कंपनीत आत काय काय आस्तं रं? कंपनीच्या आदी आमची ज्वारी व्हायची तितं. पर गेटाच्या आत न्हाई गेलो कदी."

कायम कामगारांना वर्षातून एकदा घरची माणसं आत नेऊन कंपनी दाखवता येते. आम्हा ठेकेदाराच्या माणसांना नाही. मी कायम कधी होईन, होईन की नाही, मला सांगता येत नाही. पण झालो, तर त्या दिवशी फॉर्मवर नात्याच्या रकान्यात मावशी लिहीन आणि त्यांना हाताला धरून आत नेईन.