चौदाव्या हिरवळीचे वैर

क्षमेला मोठा मान आहे आणि तो यथार्थ आहे. परंतु वैर म्हणजे केवळ चित्ताचा विकार, असे म्हणून जे मोकळे होतात, त्यांनी दीर्घकाळ वैर जोपासणारे माणूस जवळून पाहिलेले नसते. राग अल्पायुषी असतो. भांडी आपटतो आणि निवतो. डूख धरणे ही निराळी साधना आहे. तिला स्मृती लागते, धैर्य लागते, आणि सर्वांत कठीण म्हणजे अखंड सौजन्य लागते. ज्याच्यावर डूख धरला त्याला वर्षानुवर्षे, त्याच्या आवडीची साखर लक्षात ठेवून, हसतमुखाने चहा देणे हे कोणा सोम्यागोम्याचे काम नव्हे. गोल्फ क्लबाच्या अतिथिगृहाची व्यवस्था पाहणाऱ्या वहिनींनी ते केले.

वहिनी म्हणजे क्लबाच्या अध्यक्षांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. म्हणून अध्यक्षांच्या वहिनी, आणि हळूहळू अवघ्या क्लबाच्याच वहिनी. थोरला भाऊ मैदान सांभाळी, धाकटा क्लब सांभाळी. थोरल्याचा सारा जीव गवतात. संध्याकाळी घरी येऊन मोजे झटकले की गवताचे बी फरशीवर सांडे, आणि वहिनी म्हणत, एखाद्या दिवशी माझ्या स्वयंपाकघरात होल खणून झेंडा रोवाल. ते हसत आणि केरसुणी आणायला स्वतःच उठत.

वार्षिक चषकाच्या अंतिम सामन्याच्या दिवशी ते चौदाव्या होलच्या हिरवळीच्या कडेला, गवत कापण्याच्या यंत्राशेजारी कोसळले. सामना खेळत होते स्वतः अध्यक्ष. त्यांनी एका नोकराला डॉक्टरांना बोलवायला पिटाळले, भावाच्या डोक्याखाली टॉवेल ठेवला, मागून खेळत येणारी जोडी खोळंबली आहे असे म्हणाले, आणि चेंडू होलमध्ये घातला. तो चेंडू थोरल्याच्या पसरलेल्या तळहाताच्या जवळून गेला. उरलेली होल्स खेळून अध्यक्षांनी चषक जिंकला. ही हकिगत वहिनींना सांगितली ती अध्यक्षांची पिशवी वाहणाऱ्या म्हाताऱ्या कॅडीने, मान वर न करता. डॉक्टरांनी मात्र एवढेच सांगितले की ते पोहोचले तेव्हा नाडी मंद लागत होती. अर्धा तास आधी कोणी गाडीत घालून दवाखान्यात आणले असते तर कदाचित वाचलेही असते.

दिवसकार्ये आटोपल्यावर अध्यक्ष भेटायला आले. म्हणाले, "वहिनी, थांबून तरी काय झालं असतं? दादा तर गेलाच होता."

वहिनींनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. अध्यक्षांनी त्यांना अतिथिगृहाची नोकरी आणि मागच्या बाजूच्या दोन खोल्या दिल्या, तेव्हा लोकांनी दिराच्या मनाच्या मोठेपणाची तोंड भरून स्तुती केली. वहिनींनी नोकरी पत्करली, कारण वैऱ्याला समजून घ्यायचे तर तो नित्य दृष्टीसमोर असावा लागतो. रोज पहाटे त्या चौदाव्या हिरवळीपाशी जाऊन उभ्या राहत. मग परत येऊन व्हरांड्यातून दिराचा खेळ पाहत. पाहता पाहता त्यांना एक गोष्ट उमगली. अध्यक्ष खेळाडू उत्तम, पण समोरच्याने आपल्याहून लांब चेंडू मारला की त्यांचे भान सुटे. मग बेतशीर फटका सोडून ते आवाक्याबाहेरचा मारायला जात आणि चेंडू तळ्यात घालवीत. ही खूण वहिनींनी मनात जपून ठेवली.

अशात देशाला अनेक खेळांच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद मिळाले. तरणतलाव होता, धावपट्टी होती, नेमबाजीचे आवारही तयार होते. गोल्फचे मैदान तेवढे ठरेना. समुद्राकडच्या नव्या मैदानावर गवत तग धरीना. उरले दोन जुने क्लब, एक नदीपलीकडचा आणि एक हा. मैदाने पारखायला आलेल्या तपासनीसबाई वहिनींच्या अतिथिगृहात उतरल्या. शांत, उंच, कामाखेरीज न बोलणाऱ्या; पण सकाळच्या न्याहारीला त्यांची जीभ सैल होई. त्यांनीच अटी सांगितल्या. तयारीपासून समारोपापर्यंत मैदान सभासदांना बंद. प्रेक्षकांच्या सज्ज्यासाठी चौदावे होल उखडायचे, पत्रकारांच्या इमारतीसाठी अतिथिगृह पाडायचे. आणि शेवटची अट अशी की स्पर्धेनंतर मैदान नगराच्या ताब्यात जाईल, कोणालाही खेळायला खुले राहील. ही अट नदीपलीकडच्या क्लबाने साफ धुडकावली होती. इथेही धुडकावली गेली तर समुद्राकडच्या वाळूतच गवत लावत बसावे लागेल, असे म्हणून बाईंनी कप पुढे केला.

वहिनींनी तो काठोकाठ भरला. त्या रात्री त्यांची मुलगी जेवायला आली होती, तिला त्यांनी सारे सांगितले. मुलगी हुशार, तिने आईचा चेहरा वाचला. म्हणाली, "आई, काकांचं जाईल ते जाऊ दे. पण बाबांची जागाही जाईल ना. आणि तू राहशील कुठे?"

"जागा गेली तर गेली," वहिनी म्हणाल्या. "त्यांना जिथे तसंच पडू दिलं, तीच ना ती? आणि खोल्या भाड्याने मिळतात."

अध्यक्षांचा नकार द्यायचा बेत पक्का होता. पण क्लबाच्या सभेआधी, दुसऱ्या क्लबाचे काय चालले आहे याचा सुगावा लागावा म्हणून, ते अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात डोकावले. खुर्ची ओढून बसले.

"वहिनी, बाई काय म्हणतायत आमच्याबद्दल?"

"माझ्याशी कशाला बोलतील, भाऊजी? मी चहा देणारी."

"तरी कानावर पडत असेल की."

"पडतं थोडंफार." वहिनींनी कप पुसून बशीत ठेवला. "नदीपलीकडचे अध्यक्ष म्हणे एका दमात सगळ्याला हो म्हणाले. शेवटच्या अटीलासुद्धा. बाई म्हणत होत्या, असा निर्णय घ्यायला छाती लागते, ती सगळ्यांकडे नसते."

"त्याची छाती?" अध्यक्ष हसले, पण ते हसू ओठांपाशीच अडले. "अहो, तो साधा खड्डा पार करताना दोनदा देवाचं नाव घेतो."

"असेल बाई. मी आपलं ऐकलं ते सांगितलं. साखर घालू अजून?"

त्यांनी चहा अर्धाच घेतला. सभेत उठून त्यांनी भाषण केले ते असे की सभासद पाहतच राहिले. कोणतीही अट न लावता, कोणाची वाट न पाहता, आपला क्लब राष्ट्राच्या गौरवासाठी सर्वस्व देत आहे, असे त्यांनी जाहीर केले. विरोध करणाऱ्यांना त्यांनीच भेकड ठरवले. टाळ्या वाजल्या. सभागृहाच्या दाराशी उभ्या असलेल्या वहिनींनी टाळी वाजवली नाही. त्यांना कपबशा आवरायच्या होत्या.

चौदावे होल सर्वांत आधी उखडले गेले. वहिनी ते पाहायला गेल्या आणि यंत्राने गवताचा पहिला थर उलटा केला तेव्हा पदर तोंडाला लावून परत फिरल्या. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. किंमत त्यांनी स्वतःच ठरवली होती. पुढे स्पर्धा झाली, थाटात झाली. पदके देण्याचा मान आपल्याला मिळेल अशी अध्यक्षांची खात्री होती. ती पदके परदेशी पाहुण्यांनी दिली, आणि अध्यक्षांना सज्ज्याच्या वरच्या ओळीत खांबाआडची खुर्ची मिळाली. मग मैदान नगराकडे गेले. क्लब राहिला नाही, तेव्हा अध्यक्षपणही राहिले नाही. बसचालक, शिक्षिका, औषधांच्या दुकानातले विक्रेते हिरवळीवर दिसू लागले. एकदा अध्यक्षांना फाटकावरच्या मुलीने विचारले, आजोबा, रांगेत आहात का?

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ते वहिनींच्या भाड्याच्या खोलीवर आले. नदीपलीकडचे अध्यक्ष त्यांना एका लग्नात भेटले होते.

"तो म्हणतो, त्याने कधी हो म्हटलंच नव्हतं."

"नव्हतंच म्हटलं."

"म्हणजे तुम्ही खोटं बोललात. मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलंत."

"हो, भाऊजी."

"सख्ख्या वहिनीनं केसानं गळा कापावा? मी तुम्हाला छप्पर दिलं. का केलंत?"

वहिनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "त्यांची नाडी लागत होती," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष दारात उभे होते. वहिनींनी त्यांना बसा म्हटले नाही, चहाही विचारला नाही. ते जिना उतरून गेल्यावर त्यांनी दार लावले आणि तांदूळ निवडून पूर्ण केले.

या घटनेने त्यांना शांती मिळाली का, असे मुलीने पुढे एकदा विचारले होते. शांतीसाठी केलंच नव्हतं, एवढेच वहिनी म्हणाल्या. नंतरची वर्षे त्यांनी शेजारच्या बायकांना काटकसरीचा स्वयंपाक शिकवण्यात घालवली, आणि एका दुपारी, आजाराचा फार बाऊ न करता, गेल्या. दीर अंत्यदर्शनाला आले नाहीत.

त्यांच्या मागे मुलगी आहे आणि सर्वांना खुले असलेले ते मैदान आहे. अध्यक्ष अजून हयात आहेत. ते तिथे खेळत नाहीत.