वजनकाट्यावरचा कॅमेरा

संध्याकाळ झाली की कॅमेरा बंद-चालू व्हायला लागायचा. दुसरबीडजवळची जिनिंग, कापसाचा सीझन, काट्यावर गाड्यांची रांग. वजनाच्या पावतीवर गाडीचा फोटो लागतो. फोटो नाही तर पावती नाही, म्हणून काटा थांबलेला.

मॅनेजरने मला बोलावलं, कारण वैशाली उंद्रीला दुसऱ्या कामात अडकली होती. आठ वर्षं या जिनिंगच्या कॅमेऱ्यांचं काम माझ्याकडे होतं. दोन वर्षांपूर्वी मेंटेनन्स तिच्याकडे गेला. एके काळी तिला केबलला कनेक्टर लावायला मीच शिकवलं होतं.

मॅनेजर म्हणाले, ताईचं काम फार साफ असतं. सगळ्या कॅमेऱ्यांच्या वायरी जिथे येतात, ती स्विचची पेटी उघडली. प्रत्येक वायर ओळीत, प्रत्येकीला चिठ्ठी. माझ्या पेटीत कधी असं नव्हतं. मी जळलो. चूक तिचीच निघावी, असं मनापासून वाटलं.

हे कॅमेरे पीओईवर चालतात. म्हणजे चित्र आणि करंट एकाच केबलमधून. अंधार पडला की कॅमेऱ्याचे लाइट लागतात, तो जास्त करंट ओढतो. केबल कुठे खराब असेल तर तेवढा करंट पोचत नाही आणि कॅमेरा बंद पडतो. त्याचे लाइट हाताने लावून पाहिले. लगेच बंद पडला. मग तोच कॅमेरा छोट्या वायरने थेट स्विचला जोडला. छान चालला. दोष केबलमध्ये होता.

भिंतीच्या कडेने केबल बघत गेलो. पत्र्याच्या पन्हाळीमागे जॉइंट सापडला. काळी टेप, आत पाणी, तांबं हिरवं पडलेलं. टेपवर प्लास्टिकच्या दोन आडव्या टाय. अशा टाय मीच मारतो. तिने पुढची केबल नवी टाकली होती, हा तुकडा माझ्या काळातला.

सलग नवी केबल ओढली. अंधार पडला, कॅमेरा टिकला, काटा सुरू झाला.

मॅनेजरने विचारलं, "ताईनं कच्चं काम केलं म्हणायचं का?"

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो. घरी जेवण गोड लागलं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला.

"दादा, सायेब मले बोलले. मी जाऊन तुम्ही काढलेला तुकडा पाह्यला. जॉइंट तुमचा हाय. जुनी केबल बदला म्हणून मी त्याइले दोनदा सांगतलं होतं."

"मग हे सांगितलंस त्यांना?"

"नाही."

"काऊन?"

"तुम्हीच सांगसान, असं वाटलं."

फोन ठेवला आणि देऊळगाव राजाहून गाडी काढली. मॅनेजरसमोर उभं राहून सांगितलं, जॉइंट माझा होता, काल मी गप्प बसलो. मग त्यांनी माझ्यासमोरच तिला फोन लावला आणि पुढच्या सीझनचं कामही तिलाच दिलं.

हेवा गेला का? नाही. तिची पेटी आठवली की अजून जळतं.

उघड्यावरच्या केबलला मध्ये जॉइंट मारू नये, सलग तुकडा टाकावा. हे मीच तिला शिकवलं होतं.