जुन्या कुलपाची किल्ली

१२ मे. आजचं काम मांडवीतल्या एका घराचा ताबा घेण्याचं. मालक दिवाळखोर ठरलेला आणि मी कोर्टानं नेमलेली रिसीव्हर. तो महिन्यापूर्वी न सांगता निघून गेला होता. घरात त्याची बायको एकटीच होती.

पालीला बहिणीकडे जायचं म्हणून तिनं सामान टेम्पोत चढवून लादीसुद्धा पुसून ठेवली होती. मी पिशवीतून नवं कुलूप काढलं, तेव्हा ती जुन्या कुलपात खोबरेल सोडत होती. खाऱ्या वाऱ्यानं ते अडकायचं.

"मॅडम, हेच लावा ना."

"वहिनी, कोर्टाचंच लावावं लागतं. याला काय सोनं लागलंय?"

"याची किल्ली यांच्याकडे आहे. रात्री-बेरात्री आले तर बाहेरच उभे राहतील. शेजारी कुणाला हाक मारायचा स्वभाव नाही त्यांचा."

ताबा देताना लोक भांडतात, रडतात. कुलपासाठी अडलेलं कुणी मी पाहिलं नव्हतं. तरी मी माझंच कुलूप लावलं आणि सील केलं. टेम्पोत बसल्यावर तिनं घराकडे पाहिलं नाही, ती स्टँडकडून येणाऱ्या रस्त्याकडे बघत राहिली.

१३ मे. सकाळी कोर्टात जाण्याआधी मी पुन्हा तिथे गेले आणि दारावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'वहिनी पालीला बहिणीकडे आहेत. तिकडेच जा.'