‘येतो’चं बटण

दुपारचं जेवण झालं की शालन कॉम्प्युटरपुढे बसते, ‘जरा मेल बघते’ असं घराला सांगते आणि मेल उघडायच्या आत पेंगायला लागते. घरात ऐकायला कुणी नाही. पण शाळेत मराठी शिकवण्यात जन्म गेला, त्यामुळे कारण दिल्याशिवाय बाईंना झोपही येत नाही. गडहिंग्लजच्या रस्त्यावर या वेळी चिटपाखरू नसतं. वर पंखा गरगरतो आहे. पडद्याच्या कोपऱ्यात रोजची चौकट येऊन बसली आहे: ‘नवी आवृत्ती तयार आहे. घ्यायची?’ खाली दोन बटणं, ‘होय’ आणि ‘नंतर’. धाकटा भाऊ उत्तम गेल्यापासून शालन रोज ‘नंतर’च दाबते.

त्याला कारण आहे. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जागी हे फुकटातलं लिनक्स उत्तमनंच घातलं आणि त्यातलं मराठीही बरंचसं त्याचंच. साखर कारखान्यातला हा टाइमकीपर ड्यूटीवरून आला की चहाचा कप घेऊन बसायचा. जगभरातल्या लोकांनी फुकट लिहून फुकट वाटलेल्या प्रोग्रामांतली इंग्रजी वाक्यं मराठीत आणायचा, तीही फुकट. काम आटोपून बाहेर पडायचं जे बटण असतं, त्यावर त्यानं लिहिलं होतं, ‘येतो’. घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? शालनला तो शब्द इतका आवडला, की तेवढं बटण दाबण्यासाठीच ती मशीन सुरू करते असं उत्तम चिडवायचा.

तो गेला, आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी फोनवर सहज बोलून गेलं, की नव्या आवृत्तीत ‘येतो’ काढलाय. झालं. पुण्याची लेक ओरडते, तिनं पाठवलेल्या फायली उघडत नाहीत, बँकेची साइट दारातूनच परत पाठवते. शालन मात्र जुन्यालाच धरून बसली आहे. नवं घेतलं की भावाचा शब्द गेला, आणि तिच्याकडे त्याचं तेवढंच तर उरलं आहे.

डोळे मिटतात. उघडतात तेव्हा शेजारच्या स्टुलावर उत्तम बसलेला आहे. कारखान्याचा खाकी शर्ट, खिशाला पेन. शालनला नवल वाटत नाही. उलट इतका वेळ का लावला, याचा थोडा रागच येतो.

“झोपलीस व्हय आक्का?”

“मी कुठं झोपलो? डोळं मिटलं हुतं नुसतं.”

“आन् घोरत कोण हुतं?”

“पंखा.”

तो हसतो. समोरचे दोन दात एकमेकांवर चढलेले, तसेच आहेत. “थांब, चहा टाकतो,” म्हणत शालन उठते, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडते आणि एसटी स्टँडवर उभी राहते. हातात चहाचं भांडं आहेच. फलाटांवर पाट्या आहेत, पण गावांच्या नाहीत, कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या. एका फलाटावर ‘घर’, पुढच्यावर ‘अलीकडचे’, कोपऱ्यात ‘कचरापेटी’. ‘घर’च्या गाडीला ही गर्दी. ‘कचरापेटी’चा कंडक्टर दाराशी उभा राहून सांगतो आहे, की टाकलेलं काही परत न्यायचं असेल तर अजून वेळ आहे, गाडी इतक्यात सुटत नाही.

“ह्या समद्या पाट्या तुझ्याच?” ती विचारते.

“माझ्या कशाच्या? ‘अलीकडचे’ नगरच्या एका पोरीचं. ‘कचरापेटी’ कुणाची म्हाईत न्हाई, माझ्या आधीचा कोणतरी. चांगली हाय म्हणून ऱ्हायली.”

लोक येतात, पाटी वाचतात, गाडीत चढतात. एक म्हातारा पाटीवर बोट ठेवून अक्षर अक्षर जुळवतो, मान डोलावतो आणि बरोबर आपल्या गाडीत जाऊन बसतो. पाटी कुणी लिहिली याची कुणाला फिकीर नाही, उत्तमला तर मुळीच नाही. तो त्या म्हाताऱ्याकडे असा बघतो आहे, जसा जत्रेत पोराला खांद्यावर घेतलेला बाप बघतो. शालनचा ऊर भरून येतो. हा आपला भाऊ आहे, असं सगळ्या स्टँडला ओरडून सांगावंसं तिला वाटतं.

“आन् ‘येतो’ची पाटी कुठं हाय?”

हे विचारता विचारता स्टँडचा वर्ग होतो. तिचाच जुना वर्ग, बाकांना डिझेलचा वास. भांड्याच्या जागी हातात खडू आहे. मागच्या बाकावर उत्तम गुडघे कसेबसे आत घालून बसला आहे आणि फळ्यावर तिच्याच वळणदार अक्षरात लिहिलं आहे, ‘येतो’.

“कुणी काढला, नाव सांग,” शालन म्हणते. “मी बोलतो त्याच्याशी.”

“मीच काढला आक्का.”

खडू मोडतो.

“जळगावच्या एका बाईनं लिव्हलं हुतं,” उत्तम सांगतो. “तिची आई रोज त्ये बटण दाबायची आन् म्हणायची, मी काय पुरुष आहे का गं? ‘येतो’ काय म्हणून म्हणू?”

“मग काय म्हणायचं? आपण तर...” शालन बोलता बोलता थांबते. कोल्हापूरकडच्या बायका घरात ‘मी आलो, मी गेलो, येतो मी’ असंच बोलतात. आई तशीच बोलायची, शालनही तशीच बोलते. शाळेच्या पायरीवर ती ‘येते’ व्हायची आणि घरच्या उंबऱ्यावर पुन्हा ‘येतो’. ‘आक्का, घरातनं निघताना काय म्हणतीस?’ असं उत्तमनं विचारलं तेव्हा तिनं घरचंच उत्तर दिलं होतं. पोरांना लिंग-वचन घोकायला लावणाऱ्या बाईंना तो शब्द पुल्लिंगी आहे हे कधी दिसलंच नाही.

“तुला तरी कळाय नको व्हय?”

“मला कसं कळंल? मला वाटलं, जगातल्या समद्या बायका येतोच म्हणत्यात.”

शालन हसते, तोही हसतो, आणि हसता हसता तिला रडू येतं. “मला वाटलं, त्यांनी तुला पुसून टाकलं रं.”

“पुसतंय कोण? कुणालाबी चूक दिसली तर त्यानं दुरुस्त करावी, म्हणून तर ह्ये समदं उघडं ठेवत्यात. मलाबी कुणीतरी उघडं ठेवलं हुतं म्हणून शिरलो. त्या बाईला लिव्हलं, लई उपकार झालं. दवाखान्यात जायच्या आधी शेवटचं काम त्येच केलं. आन् तू दार लावून बसलीयास.”

“मग काय लिहिलंस त्याच्या जागी?”

“बघ की उघडून.”

तो बाकातून गुडघे सोडवून उठतो आणि शर्टाच्या बाहीनं फळा पुसायला लागतो. त्याला धरायला शालन पुढे होते, आणि गालाला काहीतरी टोचतं.

ती कीबोर्डवर गाल टेकून झोपली आहे. मान अवघडली आहे, गालावर बटणांचे चौकोन उमटले आहेत. पडद्यावर लिहिलं आहे: ‘नवी आवृत्ती बसवली. मशीन पुन्हा सुरू करा.’ ‘होय’ गालानं दाबलं की आणखी कुणी, याचा विचार करायचा तिला धीर होत नाही. ती मशीन पुन्हा सुरू करते. पडद्याचा रंग बदललेला आहे, अक्षरं जरा ठसठशीत झाली आहेत. कोपऱ्यातली यादी उघडून ती खाली खाली जाते, अगदी शेवटच्या बटणापर्यंत.

तिथे ‘येतो’ नाही. तिथे लिहिलं आहे, ‘येऊ का?’

सवयीनं ती आधी व्याकरणच तपासते. बाईनं म्हटलं तरी चालतं, बाप्यानं म्हटलं तरी चालतं, कुठेच अडत नाही. जळगावच्या म्हातारीलाही चालेल. पैकीच्या पैकी द्यावेत असा शब्द आहे. मग तिच्या लक्षात येतं, की हा प्रश्न आहे, आणि तो तिला विचारलेला आहे. दवाखान्यात उत्तम गेला तो कुणाला काही न विचारता गेला होता.

“बरं, ये,” शालन म्हणते, आणि बटण दाबते.