रोमन सेनापती आणि बर्फातला राक्षस

लेकीचं मराठी टिकावं म्हणून मी सिंगापूरच्या मेट्रोत, एमआरटीत, तिला एक इंग्रजी पुस्तक मराठीत वाचून दाखवत होते. रोमन साम्राज्याच्या सीमेवर बर्फातून राक्षस येतो आणि माझा सेनापती त्याला पुणेरी ठसक्यात सांगतो, "आत यायचं तर आधी पाय पुसा."

जुरोंग ईस्टला आम्ही उतरलो, तर समोर बसलेले गृहस्थही मागोमाग उतरले.

"माफ करा, माझं स्टेशन मघाशीच गेलं," ते मराठीत म्हणाले. "राक्षसाला आत घेतलं का, तेवढं सांगा."

मी अजून तिथवर वाचलंच नव्हतं.

"घेतलं, अंकल," लेक तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली. "तो गुड राक्षस आहे लाह."

गृहस्थ समाधानाने परतीच्या गाडीत चढले.

"तुला कसं गं माहीत?"

"शाळेत इंग्रजीत वाचलंय. पण त्यातला सेनापती बोअरिंग आहे."